व्हर्सायचा राजवाडा बघायला नेमकं कधी जावं?

व्हर्साय हे नाव आपल्याला शाळेच्या इतिहासातून पाठ असतं. २८ जून १९१९, पहिलं महायुद्ध संपल्यावर जर्मनीबरोबर झालेला तह. त्या तहावर सह्या झाल्या तो राजवाड्यातला आरसेमहाल. पॅरिसचा प्रवास ठरला की यादीत व्हर्साय येतंच, आणि मग बहुतेक जण उरलेल्या दिवसात ते बसवून टाकतात. मंगळवार मोकळा आहे ना, चला मंगळवारी.

मीही पहिल्यांदा तशीच गेले. जूनमधला मंगळवार होता आणि सकाळचे अकरा वाजले होते. आरसेमहालात शिरले तेव्हा आरशांचा फक्त वरचा भाग दिसत होता, खाली नुसत्या पाठी आणि उंच धरलेले फोन. राजाच्या शयनगृहात तर मागच्या रेट्यानेच आत गेले आणि पलंग नीट दिसायच्या आत पलीकडच्या दाराने बाहेर पडले. दोन वर्षांनी आईला घेऊन गेले तेव्हा आधी बसून सगळं नीट समजून घेतलं होतं: वार कोणता, वेळ कोणती, आधी काय बघायचं, नंतर काय. त्या दिवशी आई आरसेमहालातल्या खिडकीशी पाच मिनिटं निवांत उभी राहिली. तेव्हापासून कोणीही व्हर्सायबद्दल विचारलं की मी हे सगळं सांगत बसते. आज लिहूनच काढते.

राजवाड्यातली गर्दी ही देवळातल्या किंवा स्टेशनवरच्या गर्दीपेक्षा वेगळी असते, आणि त्याचं कारण इमारतीच्या रचनेत आहे. ते कळलं की बाकीचं आपोआप उलगडतं.

आपल्याकडचा जुना वाडा आठवा. देवडीपर्यंत कोणीही यायचं. सदरेवर कामाचा माणूस. आतल्या चौकात नात्यातले, आणि माजघरात फक्त घरचे. प्रत्येक उंबरठ्यावर माणसं गळत जायची. व्हर्सायचा राजवाडा याच तत्त्वावर बांधलेला आहे, फक्त अवाढव्य आकारात. इथे १६२३ मध्ये फ्रान्सचा राजा तेरावा लुई याने शिकारीसाठी एक लहानसं घर बांधलं होतं. त्याच्या मुलाने, चौदाव्या लुईने, ते वाढवत वाढवत नेलं आणि ६ मे १६८२ रोजी दरबार आणि राज्यकारभार दोन्ही पॅरिसहून इकडे आणले. राजाची दालनं एकापुढे एक आहेत, दारासमोर दार, मध्ये वेगळा व्हरांडा नाही. पुढच्या दालनात जायचं तर आधीच्या दालनातूनच जावं लागतं.

त्या काळीही वाडा बराचसा लोकांसाठी खुला होता. अंगावर बरे कपडे आणि पुरुष असेल तर कमरेला तलवार, एवढ्यावर बाहेरच्या दालनांत प्रवेश मिळायचा. तलवार नसेल तर फाटकाशी भाड्याने मिळत असे. पण जसजसं आत जाल तसतशी गाळणी बारीक. राजा सकाळी उठताना शयनगृहात कोणी आधी शिरायचं आणि कोणी नंतर, याचेही मानाप्रमाणे ठरलेले क्रम होते. बाकीचे शेजारच्या दालनात ताटकळत. म्हणजे दर दाराला माणसं कमी होत जावीत, हाच त्या रचनेचा उद्देश होता.

आज आपण सगळे त्याच दारांतून जातो, आणि कोणीच गळत नाही. फाटकातून जितके आत आले तितके सगळे शयनगृहातून पार व्हायचे असतात. व्हर्सायच्या सगळ्या परिसराला मिळून वर्षाला ८० लाखांच्या आसपास लोक येतात. सोमवारी राजवाडा बंद असतो. ते सोमवार वगळून साधारण ३१० दिवस उघडा मानला तर दिवसाला सरासरी २५-२६ हजार माणसं झाली. राजवाड्यात २३०० च्या आसपास खोल्या आहेत, पण ही माणसं त्यांत पसरत नाहीत. बहुतेक सगळी एकाच ठरलेल्या वाटेने, एकाच दिशेने, मोजक्या दालनांतून जातात. हर्क्युलिसचं दालन, मग शुक्र, मंगळ, बुध अशा देवतांच्या नावांची दालनं, मग आरसेमहाल, राजाचं शयनगृह, राणीची दालनं, आणि शेवटी लढायांच्या चित्रांचं १२० मीटर लांबीचं दालन.

आता थोडं गणित. घाबरू नका, एका गुणाकाराचंच आहे. रांगांचा अभ्यास करणाऱ्यांचा एक नियम आहे. जॉन लिटल या अमेरिकी प्राध्यापकाने १९६१ मध्ये तो सिद्ध केला. एखाद्या जागेत एका वेळी सरासरी किती माणसं असतील? दर मिनिटाला किती आत येतात, गुणिले प्रत्येक जण किती मिनिटं थांबतो. बस, एवढंच.

समजा आरसेमहालात मिनिटाला ४० माणसं येतात आणि प्रत्येक जण पाच मिनिटं थांबतो. म्हणजे आत २०० माणसं. महाल ७३ मीटर लांब आणि साडेदहा मीटर रुंद आहे, म्हणजे माणशी पावणेचार चौरस मीटर जागा. बऱ्यापैकी मोकळं. आता तेवढीच माणसं येताहेत, पण ऊन छान पडलंय, प्रत्येकाला आरशासमोर फोटो हवाय, आणि जो तो दहा मिनिटं थांबतोय. लगेच आत ४०० माणसं. फाटकावर एकही माणूस वाढला नाही, तरी महालातली गर्दी दुप्पट झाली. शिवाय ४०० माणसं ७३ मीटरभर सारखी पसरत नाहीत. शिरल्या शिरल्या, दारातच थबकतात, कारण दारातून दिसणारं दृश्यच सगळ्यात सुंदर आहे. तिथे तुंबलं की मागचं दालन तुंबतं, त्याच्या मागचंही.

म्हणून फाटकावर रांग नाही हे बघून खूश होऊ नका, आणि रांग आहे म्हणून खचूनही जाऊ नका. फाटकावरची गर्दी आणि दालनातली गर्दी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याच जागी वेळेच्या तिकिटाबद्दल मोठा गैरसमज होतो. व्हर्सायचं तिकीट घेताना राजवाड्यात शिरण्याची वेळ निवडावी लागते. अनेकांना वाटतं, दहाचं तिकीट मिळालं म्हणजे आत मोकळं मिळेल. तिकिटाची वेळ ही फाटकावर तुम्हाला आत कधी घेतील एवढंच सांगते. आत किती वेळ थांबायचं यावर बंधन नसतं, त्यामुळे नऊवाले, साडेनऊवाले आणि दहावाले एकाच आरसेमहालात एकमेकांना भेटतात. गुणाकारातला पहिला आकडा तिकिटाने आवरता येतो, दुसरा नाही. शिवाय सुरक्षा तपासणी सगळ्यांनाच असते, तिकीट हातात असलं तरी. विमानतळावर जाता जाता व्हर्साय उरकू म्हणून बॅगा घेऊन गेलात तर अडकाल, मोठं सामान आत नेऊ देत नाहीत. अठरा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश मोफत आहे, पण त्यांच्यासाठीही वेळ राखून ठेवा.

काही राजवाडे हा दुसरा आकडाही आवरतात. जर्मनीच्या बव्हेरियातल्या नॉयश्वानस्टाइनला फक्त मार्गदर्शकाबरोबर ठरलेल्या वेळी आत जाता येतं आणि अर्ध्या तासाच्या आसपास फेरी संपते. आत धक्काबुक्की होत नाही, पण आवडत्या दालनात रेंगाळताही येत नाही; आणि पायथ्यापासून चढ चढून वर पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो हे विसरलात तर वेळ हुकते आणि तिकीट वाया जातं. स्पेनमधल्या ग्रानादाच्या आल्हाम्ब्रात तिकिटावरची वेळ फक्त आतल्या नस्रिद महालांची असते, बाकीचा परिसर त्या दिवशी कधीही बघता येतो. लोक बागेत रमतात आणि महालाच्या दाराशी उशिरा पोचतात. म्हणून कुठल्याही राजवाड्याचं तिकीट घेताना पहिला प्रश्न हा विचारायचा, की ही वेळ नेमकी कोणत्या दाराची आहे?

आता वार. माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो, आणि सगळ्यात कमी लोक याचा विचार करतात.

व्हर्सायचा राजवाडा सोमवारी बंद. पॅरिसमधलं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद. या दोन ओळी शेजारी ठेवून बघा. पॅरिसमध्ये चार-पाच दिवसांसाठी आलेला पाहुणा सोमवारी व्हर्सायला जाऊ शकत नाही, तेव्हा सोमवारचे सगळे मंगळवारवर ढकलले जातात. मंगळवारी लूव्र बंद, तेव्हा लूव्रला जाऊ पाहणारेही म्हणतात, चला मग व्हर्साय उरकू. दोन्हीकडचं पाणी एकाच नाल्यात. मंगळवार आठवड्यातल्या सगळ्यात गर्दीच्या दिवसांपैकी एक असतो तो यामुळे. वर वर पाहता कामाचा वार, म्हणून लोक निश्चिंत असतात. मीही होते.

शनिवार-रविवारी गर्दी असते हे सांगायला नको. राहिले बुधवार, गुरुवार, शुक्रवार. त्यातून निवडायचं तर मी गुरुवार घेईन. बुधवारी दुपारी फ्रान्समधल्या बऱ्याच लहान मुलांना शाळा नसते, आणि जोडून सुट्टी आली की शुक्रवारही भरतो. पण या तिघांतला फरक थोडा आहे. मंगळवार आणि गुरुवार यांतला फरक खरा. हाच हिशोब कुठेही लागू पडतो. इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा मंगळवारी बंद, म्हणजे बुधवारी जाण्याआधी दोनदा विचार करा. बंद वाराच्या दुसऱ्या दिवशी साचलेली माणसं येतात.

एक रविवार मात्र आवर्जून टाळा. नोव्हेंबर ते मार्च या काळात महिन्याच्या पहिल्या रविवारी राजवाड्यात प्रवेश मोफत असतो. पैसे वाचतात हे खरं, पण इतक्या लांबून आयुष्यात एकदा जाणाऱ्याने त्या दिवशी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आणि सोमवार अगदीच फुकट नाही. राजवाडा बंद असला तरी बागा उघड्या असतात. आंद्रे ल नोत्रने आखलेल्या त्या बागा, जवळपास पावणेदोन किलोमीटर लांबीचा मोठा कालवा, त्याच्या कडेची झाडं. पॅरिसमध्ये आठवडाभर राहणार असाल तर एक सोमवार नुसता बागांना द्या.

वार ठरला. आता तास, आणि इथे जरा सावकाश जाऊ.

सगळे सांगतात, सकाळी उघडताक्षणी जा. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धा आहे. राजवाडा नऊला उघडतो तेव्हा दालनं रिकामी असतात आणि पहिल्या वेळेचं तिकीट काढलेली सगळी माणसं फाटकावर उभी असतात. दार उघडलं की ही लाट आत सुटते. लाटेच्या तोंडाशी जे असतात त्यांना रिकामा आरसेमहाल मिळतो. तीच लाट, पण तुम्ही शेपटाकडे असाल, तर पुढे आधीच शे-दोनशे माणसं आणि मागून साडेनऊचे येताहेत. म्हणजे नऊचं तिकीट काढून नऊ-वीसला पोचलात तर लवकर उठल्याचा बराचसा फायदा गेला. सकाळीच जायचं तर साडेआठला फाटकावर हवं. पॅरिसच्या मध्यातून तिथे जायला आरईआर सी या गाडीने साधारण पाऊण तास, उतरून दहा मिनिटं चालणं, म्हणजे साडेसातच्या आत निघणं आलं. त्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या व्हर्सायला जात नाहीत, म्हणून पुढे लिहिलेलं शेवटचं स्टेशन वाचूनच चढा: व्हर्साय शातो रिव्ह गोश. मुक्काम सँ-लाझार स्टेशनजवळ असेल तर तिथूनही व्हर्सायला लोकल जाते. ती दुसऱ्या स्टेशनवर सोडते, चालणं थोडं जास्त.

आणि आत शिरल्यावर? खाली राजवाड्याच्या इतिहासाची दालनं आहेत, छान आहेत. बहुतेक जण तिथे सुरुवातीलाच अर्धा तास घालवतात, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावर त्यांच्या पुढून लाट निघून जाते. आरसेमहाल मोकळा बघायचा असेल तर पहिल्या वेळेला थेट वर जा. वाट एकाच दिशेची असल्याने मागे फिरणं अवघड, तेव्हा काय सोडायचं हे फाटकाबाहेरच ठरवा.

सकाळी साडेदहा ते दुपारी अडीच-तीन हा काळ सगळ्यात भरलेला. पॅरिसहून निघालेल्या सहलींच्या बसगाड्या नाश्ता उरकून तोवर पोचलेल्या असतात. निशाण धरलेल्या मार्गदर्शकामागे वीस-पंचवीस माणसं एका चित्रासमोर उभी राहिली की गुणाकारातला तो दुसरा आकडा कसा वाढतो ते डोळ्यांनी दिसतं.

दुपारी साडेतीननंतर पारडं फिरतं. बसगाड्यांना परतायचं असतं. आलेल्यांपैकी बरेच बागांकडे वळतात किंवा दमून गाडी पकडतात. एप्रिल ते ऑक्टोबर राजवाडा साडेसहाला बंद होतो, उरलेल्या महिन्यांत साडेपाचला. बंद व्हायच्या दोन-अडीच तास आधी शिरलात तर प्रत्येक दालनात माणसं तुमच्यापुढे ओसरत जातात आणि मागून येणारे कमी होत जातात. सकाळी लाटेच्या तोंडाशी राहायला धावावं लागतं. संध्याकाळी नुसतं सावकाश चालायचं. वयस्कर माणसं किंवा लहान मुलं बरोबर असतील तर मी तरी संध्याकाळच सुचवेन. फक्त शेवटच्या अर्ध्या तासावर काही ठेवू नका, कारण रखवालदार दालनं आधीपासून रिकामी करायला लागतात.

संध्याकाळचं आणखी एक कारण आहे, आणि माझ्यासाठी तेच मोठं. आरसेमहालाच्या १७ कमानदार खिडक्या बागेकडे, पश्चिमेला उघडतात. त्यांच्यासमोरच्या भिंतीत तितक्याच कमानी, त्यांत ३५७ आरसे बसवलेले. १६७८ ते १६८४ या काळात वास्तुकार ज्यूल आर्दुआं-माँसारने तो बांधला तेव्हा एवढा आरसा एका ठिकाणी असणं हीच श्रीमंतीची परमावधी होती. सकाळी या महालात थेट ऊन नसतं. आरसे करडे, शांत दिसतात. दुपार कलली की ऊन खिडक्यांतून तिरपं आत येतं, लाकडी जमिनीवर सोनेरी पट्टे पडतात आणि आरसे ते उचलून छताकडे फेकतात. आईबरोबर गेले तेव्हा मार्च होता, पावणेपाचची वेळ. महालात फार तर साठ-सत्तर माणसं असतील. पाय टाकला की लाकूड करकरत होतं आणि तो आवाज ऐकू येत होता. गर्दीत तो कधीच कळला नव्हता. आईने जवळ जाऊन बघितलं तर आरसा एकसंध नव्हता, लहान लहान तुकडे जोडलेले, मधूनच एखाद्यावर पारा उडाल्यासारखा डाग. तिचा चेहरा एका तुकड्यात स्पष्ट आणि शेजारच्यात किंचित पिवळसर दिसत होता. ती म्हणाली, "अगं, हे तर आपल्या जुन्या कपाटाच्या आरशासारखंच झालंय."

राजाचं शयनगृह याच्या बरोबर उलट बाजूला, पूर्वेला तोंड करून, राजवाड्याच्या अगदी मध्यावर आहे. १७०१ मध्ये ते तिथे आणलं, आणि १ सप्टेंबर १७१५ रोजी चौदावा लुई तिथेच वारला. तिथलं ऊन सकाळचं. म्हणजे शयनगृह त्याच्या खऱ्या उजेडात बघायचं तर सकाळ हवी, आरसेमहाल बघायचा तर संध्याकाळ. दोन्ही एका फेरीत मिळत नाही. म्हणून मी लोकांना आधी विचारते, तुला तिथे नेमकं काय बघायचंय? उत्तरावरून तास ठरतो.

संध्याकाळी राजवाडा असेल तर दिवसभर काय? त्याची सोय तिथेच आहे. परिसराच्या आत लांबवर त्रियानोंचे दोन छोटे महाल आणि सोळाव्या लुईची राणी मारी आंत्वानेत हिच्यासाठी बांधलेलं खेडं आहे. हा भाग दुपारी बाराला उघडतो. बहुतेक लोक सकाळी राजवाडा बघून, थकून, दुपारी तीन-चारला तिकडे वळतात. अनेक जण तर वळतच नाहीत. तुम्ही उलटं करा. अकराच्या सुमारास पोचा, बागेतून रमतगमत त्रियानोंकडे चालत जा (अर्धा तास सहज लागतो, नाहीतर छोटी गाडी आहे), बाराला दार उघडेल तेव्हा तिथे हजर असा, तीनला परत निघा आणि साडेतीन-चारच्या वेळेचं राजवाड्याचं तिकीट ठेवा. गर्दी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, तुम्ही तिच्या उलट दिशेने येता.

ऋतूंबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर ते मार्च सगळ्यात मोकळं, त्यातही जानेवारी आणि फेब्रुवारीची सुरुवात. ख्रिसमसच्या आसपासचे दोन आठवडे त्यातून वगळा. आपल्याकडून जाणारे बरेच जण मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत जातात. मे महिना तिथे जोडसुट्ट्यांचा: १ आणि ८ मेची सुट्टी, शिवाय एक गुरुवार धार्मिक सुट्टीचा, त्याला शुक्रवार जोडून चार दिवस. १ मेला राजवाडा बंदच असतो. ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत तिथल्या शाळांना दोन आठवडे सुट्टी असते, आणि दिवाळी कधी कधी नेमकी त्यातच येते. पंचांग आणि त्यांचं शाळेचं वेळापत्रक शेजारी ठेवून तारीख काढा. सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार फ्रान्सभर वारसादिनांचा असतो, तोही नको.

हिवाळ्याची किंमत बागांमध्ये मोजावी लागते. कारंजी बंद, संगमरवरी पुतळे थंडीपासून जपण्यासाठी झाकून ठेवलेले, झाडं निष्पर्ण. ज्यांना कारंजीच बघायची आहेत त्यांना एप्रिल ते ऑक्टोबरमधलाच दिवस हवा, आणि ती संगीतासह सुरू असतात प्रामुख्याने शनिवार-रविवारी आणि हंगामात काही मंगळवारी. म्हणजे राजवाड्यासाठी जे वार वाईट, तेच कारंज्यांसाठी एकमेव. दोन्ही हवं असेल तर मनाची तयारी करून दिवस निवडा: गर्दीच्या तासांत बाहेर बागेत, आणि राजवाडा अगदी शेवटी. या कारंज्यांना पाणी चौदाव्या लुईच्या काळीही पुरत नसे. सीन नदीचं पाणी वर चढवायला १६८४ मध्ये जवळच्या मार्लीला १४ चाकांचं अजस्र यंत्र उभं राहिलं, तरी सगळी कारंजी एकदम चालवणं परवडत नव्हतं. राजा एखाद्या कारंज्याजवळ येतोय असं दिसलं की कामगार शिट्टी वाजवून पुढच्याला इशारा द्यायचे, मग ते कारंजं सुरू व्हायचं. बागा कोणत्या क्रमाने दाखवाव्यात याचं टिपण चौदाव्या लुईने स्वतः लिहून ठेवलं होतं. कुठे वळायचं, कुठे थांबून मागे बघायचं, सगळं. क्रम आणि वेळ जुळली तरच ही जागा खुलते हे त्यालाही माहीत होतं.

शेवटी, ज्यांच्या हातात काहीच नाही त्यांच्यासाठी. सहल कंपनीने मंगळवारी अकराची वेळ काढून दिली आहे, बदलता येत नाही. तरीही दोन गोष्टी करता येतात. पहिली, राजाची खासगी दालनं आणि १७७० मध्ये बांधलेलं ऑपेरागृह मार्गदर्शकाबरोबर लहान गटाने दाखवतात. त्याचं वेगळं बुकिंग असतं, जागा मोजक्या असतात आणि लवकर संपतात, म्हणून तारीख कळल्या कळल्या बघा. बाहेर हजारो माणसं असताना त्या खोल्यांत गटाशिवाय कोणी नसतं. दुसरी गोष्ट आरसेमहालातली. शिरल्या शिरल्या दारात थांबू नका, तिथेच सगळे तुंबलेले असतात. खिडक्यांच्या बाजूने सरळ चालत पलीकडच्या टोकाला जा आणि मागे वळा. तिथे उभं राहायला जागा मिळते. समोर तोच ७३ मीटरचा महाल असतो, उजेड बागेकडून येत असतो, आणि तुमच्याकडे पाठ केलेलं कोणी नसतं, कारण सगळे तुमच्याच दिशेने चालत येत असतात.